फक्त घरगुती वापरासाठी

रविवार पेठेतल्या रद्दीच्या ढिगात
पस्तीस रुपयांना मिळालं ते पुस्तक.
कव्हर गेलेलं. आत तेवीस स्वेटर, चार टोपडी,
आणि सतराव्या पानावर
कुणाच्या तरी चहाच्या कपाचं गोल.
त्या गोलातलाच नमुना मी उचलला:
वेणीची वीण, खांद्यावर तीन बटणं,
सहा महिन्यांच्या बाळाला.

तीन हिवाळे विकला.
कॅम्पातल्या सुभेदारीणबाईंनी दोन नेले, बदली झाली तसे
ते कुठं राजस्थानात गेले.
नार्वेकर गल्लीतल्या दुकानात हँगरवर लागला.
अडीचशेला मी द्यायची, तो साडेचारशे लावायचा.
लोकर माझी, डोळे माझे, रात्रीचा बल्ब माझा.

मग एकदा सुई शोधताना पुस्तक पालथं पडलं.
शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
यातील नमुने फक्त घरगुती वापरासाठी.
विक्रीकरिता लेखिकेची परवानगी घ्यावी.
खाली नाव. कु. शकुंतला बोडस, मिरज.
बाही अर्धी होती. तशीच राहिली सुईवर.

पुतण्या वकिली शिकतो. म्हणाला,
काकी, पान तिचं, स्वेटर तुझा.
कागदाची नक्कल करून विकू नको, बास.
म्हटलं, आणि मधली वेणी?
तो म्हणाला, त्यावर वाद आहेत.

ह्या बेळगावात जन्म गेला माझा.
रेघ नक्की कुठून जाते यावर वाद आहेत
हे मला कुणी नव्यानं सांगायला नको.

सासरे मागावर बसायचे, वडगावात.
एकदा काठात त्यांनी चिंचेच्या पानांची ओळ घातली,
कुणाची बघून नाही, स्वतःच्या डोक्यातनं.
पुढच्या दिवाळीला तीच ओळ पॉवरलूमवर,
बाजारभर.
ते काही बोलले नाहीत. दुकानासमोर उभं राहून
काचेवर बोट ठेवून पानं मोजली.
‘एक कमी घातलंय’ म्हणाले,
आणि घरी येऊन जेवले.

मी मिरजेला कार्ड टाकलं.
बाई, तुमचा सतराव्या पानावरचा स्वेटर
मी एकसष्ट वेळा विणला. अठ्ठावन्न विकले.
पैसे पाठवू का माफी मागू, ते कळवा.
आणि काखेत घटवताना तुमच्या पुस्तकात दोन टाके चुकलेत.
मी दुरुस्त करून घेते.

महिनाभर काही नाही.

मधेच नीलव्वा आली, समोरच्या दारातली.
‘अक्का, ते पान द्या की, झेरॉक्स मारून आणतो.’
दिलं नाही.
तिला वाटलं, धंद्याला भितेय. वाटू दे.
पाट सरकवला, सुया दिल्या, म्हटलं बस.
तीन टाके जादा सुईवर मागं ठेव,
पुढचे तीन आधी वीण, मग मागचे.
ती वंदु, एरडु, मूरु करत होती,
मी आपली मराठीत.
आठव्या ओळीला दोघींचंही चुकलं. उसवलं.
चहा झाला. परत घातलं.
पुतण्याला हे विचारलेलं नाही,
की हातानं दिलेलं कुठल्या कलमात बसतं.

पाचव्या आठवड्यात पाकीट आलं, अक्षर भाचीचं.
मावशीला आता दिसत नाही.
तुमचं कार्ड दोनदा वाचायला लावलं.
म्हणाली, ते दोन टाके छापणाऱ्यानं खाल्ले,
तेव्हाच भांडले होते मी त्याच्याशी.
म्हणाली, एक पाठवा. हातानं बघीन.

परवानगीचं कुठंच काही नाही. उलटून पाहिलं पाकीटसुद्धा.

बासष्टावा घातलाय सुईवर.
रंगाचा प्रश्नच नव्हता,
तरी दुकानात मी अर्धा तास उभी होते.
शेवटी शेवंतीसारखी पिवळी घेतली.
काखेपर्यंत आलाय. इथं
मी जरा हळू विणते.